पंचाहत्तर किलोंचा माणूस

मोखोतलाँगच्या दवाखान्यामागे पत्र्याची शेड.
सकाळचे सात, ऑइलच्या डब्यावर दव गोठलेलं.
न्थाबेलेंग गाडी ढकलतच आली. म्हणाली,
न्ताते सीबाटा, ही मला पाडत नाही,
झटकते. बैलानं माशी झटकावी तशी.

मी म्हटलं, चढ.
हेल्मेट घाल, बूट घाल, पाठीला पाण्याची पिशवी,
मागे तो नमुन्यांचा निळा डबाही बांध.
वाटेवर जशी बसतेस तशी बस,
फोटोला बसल्यासारखी नको.

लेबोनानं हँडल धरलं.
मागच्या आसापासून शेपटावरच्या खडूच्या खुणेपर्यंत
मी टेप ताणली.
चाक लोंबतं तेव्हा सहाशे बारा.
ती बसल्यावर पाचशे साठ.
बावन्न मिलिमीटर!
म्हणजे कुणी बसलंय
हे गाडीच्या गावीही नव्हतं.

गाड्या बनतात लांब कुठेतरी.
तिथं कुणाच्या तरी डोक्यात एक माणूस असतो,
पंचाहत्तर किलोंचा, पोटभर न्याहारी केलेला,
त्याच्या मापानं स्प्रिंगा वळतात.
चाळीस वर्षं झाली, तो काही या डोंगरात आला नाही.
इथं येतो पंचाण्णव किलोंचा हवालदार, पुढ्यात मेंढी घेऊन.
इथं येते ही,
बूट धरून एकोणपन्नास.

मग तिनं खिशातून कागद काढला, प्रयोगशाळेचा.
रक्तपेशी फुटलेल्या. नमुना पुन्हा घ्यावा.
महिन्याभरात अकरा नळ्या.
अकरा माणसं पुन्हा डोंगर उतरणार,
पुन्हा बाही वर सारणार.
लिनाकेंगची एक म्हातारी तिला म्हणाली म्हणे,
पहिलं कुठं सांडलंस, पोरी?

मी हातोडी घेतली, छिन्नी घेतली,
स्प्रिंगवरची चकती दोन फेरे सैल केली.
ती बसली, माप बरोबर आलं.
ती उतरली
तर गाडी एकटीच अंग टाकून बसलेली.
ताठ स्प्रिंग सैल केली म्हणून मऊ होत नाही,
नुसती वाकून उभी राहते.
अशी माणसंही मी पाहिलीत. असो.

दुसरी स्प्रिंग लेरिबेच्या भंगारातून आली,
टॅक्सीतून, वर्तमानपत्रात गुंडाळून,
एकोणीस दिवसांनी.
तोवर तिनं डबा मागे बांधलाच नाही.
नळ्या फडक्यात, फडकं घोंगडीआड, पोटाशी.
खड्डा आला की स्वतःच आधी दबायची.

नव्या स्प्रिंगेवर सत्त्याण्णव,
एकटी असताना तेहेतीस.
लेबोनानं टाळी वाजवली. मी म्हटलं, थांब.
दबणं सगळ्यांना दिसतं.
दबलेलं परत कसं येतं, ते बघायचं असतं.
खालचा स्क्रू पूर्ण बंद केला
आणि मोजत मागे आलो, टिक, टिक,
कान लावून, चौदापर्यंत.

बाटलीत दूध भरलं, अर्धीच,
ती डब्यात ठेवून ओढ्याच्या गोट्यांवरून फेरी मारायला सांगितलं.
पहिल्या फेरीत चार बोटं फेस.
लेबोना म्हणाला, अजून एक फेरी, लोणीच येईल.
स्क्रू पुढे दोन. तीन बोटं.
वरचा मागे तीन. दीड.
पाचव्या फेरीला ती गोट्यांवर उभी राहून गेली,
गुडघे सैल,
आणि मागचं चाक खाली खाली शोधत राहिलं
आंधळ्या माणसाच्या पायासारखं, न घाबरता.
बाटलीत बोटभर फेस.

अजून एक टिक, ती म्हणाली.
नको, म्हटलं. जूनमध्ये थंडीनं तेल घट्ट होईल,
तेव्हा ये. तेव्हा तूही वेगळी असशील,
दोन जर्सी घातलेली.

दूध लेबोनानं पिऊन टाकलं.
मी पत्र्यावर खडूनं लिहिलं:
न्थाबेलेंग. एकोणपन्नास, डबा सात. खाली बारा, वर नऊ.
खाली जागा सोडली.
बाहेर हवालदार उभा होता,
आणि मेंढी, तिचं वजन त्याला माहीत नव्हतं.